बंदूक एका दिवसाची, कागद पाच वर्षांचा

आपल्या मंडळींच्या शनिवारच्या जेवणानंतर गप्पा राजकारणावर आल्या, की एक वाक्य हमखास ऐकू येते. "ते काही नाही, चार-पाच वर्षं देश लष्कराच्या हाती द्यायला हवा. बघा कसे सगळे सुतासारखे सरळ होतात!" बोलणारा माणूस दुष्ट नसतो. बहुधा तो शिकलेला, कायदा पाळणारा, वेळेवर कर भरणारा असतो. सैन्याबद्दल त्याच्या मनात आदर असतो आणि पुढाऱ्यांबद्दल तो का नसतो, हे वेगळे सांगायला नको. मीही या वाक्यावर मान डोलावलेली आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

पण इंजिनियरला एक वाईट खोड असते. एखादी यंत्रणा चांगली की वाईट, हे ती सुरळीत चालताना कळत नाही. तिच्यात चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येते, कोण दुरुस्त करते आणि किती वेळात, यावरून ते कळते. मग या 'चार-पाच वर्षां'नाही तोच प्रश्न विचारायला हवा. लष्कराने सत्ता घेतली, आणि दुसऱ्या दिवशी हातात दगडसुद्धा न घेतलेल्या एखाद्या नागरिकाने "मला हे मान्य नाही" एवढेच म्हटले, तर त्याचे पुढे काय होते? त्याला कोण पकडते, कुठल्या कायद्याखाली, आणि कोणापुढे उभे करतात? पकडण्यात चूक झाली असेल तर ती कोण सुधारते?

या प्रश्नांचे उत्तर शोधायला इतिहासात फार मागे जायला नको. भारतात जाता-येता आपल्यापैकी कित्येक जण ज्या बँकॉकला विमान बदलतात, सुटीत चार दिवस राहतात, तिथे २०१४ साली हे सगळे घडले आणि त्याची नोंदही नीट झालेली आहे.

दोन दिवसांत बदललेला देश

थायलंडमध्ये १९३२ साली निरंकुश राजेशाही संपली. तेव्हापासून तिथे लष्करी बंडे जवळजवळ पावसाळ्यासारखी येत राहिली. २०१४ चे बंड हे यशस्वी झालेल्यांपैकी बारावे मानले जाते. त्याआधी सहा महिने बँकॉकचे रस्ते निदर्शकांनी अडवलेले होते. ७ मे रोजी घटना न्यायालयाने पंतप्रधान यिंगलक शिनावात्रा यांना पदावरून दूर केले. २० मे रोजी पहाटे लष्करप्रमुख जनरल प्रयुत चान-ओचा यांनी लष्करी कायदा जारी केला. 'हे बंड नव्हे, फक्त शांतता राखण्याचा उपाय आहे', असे तेव्हा सांगण्यात आले. भांडणाऱ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना समेटाच्या बोलणीसाठी सैन्याच्या क्लबात बोलावले. २२ मे रोजी दुपारी बोलणी फिसकटली तेव्हा जनरलसाहेबांनी तिथेच सत्ता घेतल्याचे जाहीर केले, आणि समोर बसलेल्या पुढाऱ्यांना सैनिक घेऊन गेले. संध्याकाळी टीव्हीवर घोषणा झाली. रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी लागली.

रक्त न सांडता सगळे पार पडले. जगातल्या वर्तमानपत्रांत सैनिकांबरोबर फोटो काढून घेणाऱ्या पर्यटकांची चित्रे आली. आपला शनिवारचा मित्र म्हणेल, "बघा, किती शिस्तीत!"

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बंदुकीचे काम एवढेच होते, आणि ते एका दिवसात संपले. पुढचे सगळे काम कागदाने केले. सत्ताधारी लष्करी मंडळाने 'शांतता व सुव्यवस्था राष्ट्रीय परिषद' असे नाव घेतले आणि क्रमांक घातलेल्या घोषणा व आदेश काढायला सुरुवात केली. घोषणा क्रमांक ७ ने पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी राजकीय कारणासाठी एकत्र यायला बंदी घातली. शिक्षा होती एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० बात (हे थाई चलन) दंड. घोषणा क्रमांक ३७, तारीख २५ मे. राजघराण्याविरुद्धचे गुन्हे, देशाच्या अंतर्गत सुरक्षिततेविरुद्धचे गुन्हे आणि या परिषदेच्या स्वतःच्या आदेशांचा भंग, या सगळ्यांचे खटले यापुढे लष्करी न्यायालयात चालतील, असे तिने ठरवले. आरोपी नागरिक असला तरीही.

आणखी एक कागद रोज टीव्हीवर आणि रेडिओवर वाचला जाई. तो म्हणजे नावांची यादी. पुढारी, पत्रकार, प्राध्यापक, कार्यकर्ते असे शेकडो लोक त्यात होते. अमुक दिवशी अमुक वाजता लष्कराकडे हजर व्हा, एवढेच सांगणे. हजर झालेल्या माणसाला १९१४ च्या लष्करी कायद्याच्या आधाराने वॉरंट न दाखवता सात दिवस ठेवून घेता येत असे. या मुक्कामाला अधिकृत नाव होते 'दृष्टिकोन सुधारणे'. सुटताना एका कागदावर सही करायची: राजकारणात भाग घेणार नाही, परवानगीशिवाय देश सोडणार नाही. मोडले तर खटला. हजर न होणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ४०,००० बातपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ठिपकेवाला संपादक

पहिल्याच याद्यांत एक नाव होते सोम्बात बूनगामानोंग. जन्म १९६८. तरुणपणी नाटके करणाऱ्या एका गटाचा हा माणूस. त्या गटातूनच पुढे 'आरसा' या अर्थाच्या नावाची एक सेवाभावी संस्था उभी राहिली. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, नागरिकत्वाचे कागद नसलेल्या लोकांसाठी तिने काम केले. हरवलेली माणसे शोधण्यासाठी आणि त्सुनामीनंतरच्या मदतीसाठीही ती ओळखली जाते. सोम्बात यांचे थाई टोपणनाव 'ठिपकेवाला संपादक' अशा अर्थाचे आहे. नावाप्रमाणेच त्यांची निषेधाची तऱ्हाही थोडी विनोदी, थोडी नाटकी.

२००६ च्या बंडालाही त्यांनी विरोध केला होता. २०१० साली बँकॉकच्या मध्यवस्तीत सैन्याने आंदोलन मोडून काढले. एप्रिल-मेच्या त्या दिवसांत नव्वदहून जास्त माणसे मेली. त्यानंतर सोम्बात त्या चौकात गेले आणि चौकाच्या पाटीला त्यांनी एक लाल फीत बांधली. गुन्हा म्हणाल तर एवढाच. त्यासाठी सुमारे दोन आठवडे ते अटकेत होते.

२०१४ मध्ये बोलावणे आले तेव्हा ते गेले नाहीत. जाणे सोपे होते. सात दिवस, एक सही, आणि घरी. बहुतेकांनी तेच केले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. बायको-मुले, नोकरी, म्हातारे आईवडील कोणाला नसतात? पण हजर होणे म्हणजे बोलावणाऱ्याचा अधिकार मान्य करणे. सोम्बात यांचे भांडण नेमके त्या अधिकाराशी होते. देश सोडून पळण्याऐवजी ते देशातच लपले आणि 'पकडता आले तर पकडा' अशा अर्थाचा मजकूर त्यांनी फेसबुकवर टाकला. तिथूनच ते लोकांना सुचवत राहिले: गर्दीच्या ठिकाणी जा, आरडाओरडा करू नका, तीन बोटे वर करा आणि निघून या. ही खूण 'हंगर गेम्स' या अमेरिकन चित्रपटातली. १ जूनच्या रविवारी बँकॉकच्या मोठ्या दुकानांच्या परिसरात ती दिसली. मूठभर लोकांसाठी सरकारने हजारो सैनिक आणि पोलीस रस्त्यावर उतरवले. त्याच दिवसांत उघड्यावर बसून ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी वाचणे, इतकेच काय, सँडविच खाणे हीसुद्धा निषेधाची खूण ठरली. अशा एका विद्यार्थ्याला पोलिसांनी पकडून नेले.

५ जूनच्या रात्री बँकॉकच्या पूर्वेला असलेल्या चोनबुरी प्रांतात सोम्बात सापडले. इंटरनेटच्या वापरावरून माग काढला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

आमच्या धंद्यातल्यांना यात नवल वाटणार नाही, पण इतरांसाठी थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. तो नसेल तर उत्तर परत कुठे पाठवायचे, हेच कळणार नाही. अमुक मिनिटाला अमुक पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची वही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे असते. थायलंडच्या २००७ च्या संगणक गुन्हे कायद्याप्रमाणे ही वही निदान ९० दिवस जपून ठेवावीच लागते. म्हणजे पत्ता हाती लागला, की त्यावरून घरापर्यंत पोचण्याची वाट आधीच बांधलेली असते. हा कायदा चोर आणि लबाड पकडण्यासाठी आहे, असे करताना सांगितले होते. कायदा तोच राहिला, वही तीच राहिली. वही मागणारा हात मात्र एका संध्याकाळी बदलला.

न्यायालय कोणाचे?

लष्कराच्या ताब्यात काही दिवस काढल्यावर सोम्बात यांना लष्करी न्यायालयापुढे नेले आणि तिथून तुरुंगात पाठवले. जुलैच्या सुरुवातीला जामीन मिळाला. हजर न झाल्याचा आरोप होताच, त्यावर दोन जड आरोप आले. पहिला दंडसंहितेच्या कलम ११६ खाली, म्हणजे लोकांना चिथावून अशांतता माजवण्याचा. त्याला सात वर्षांपर्यंत कैद. दुसरा संगणक गुन्हे कायद्याखाली, त्याला पाच वर्षांपर्यंत. तीन बोटे वर करायला सांगण्याचा हिशेब असा बारा वर्षांच्या घरात गेला.

आता हे लष्करी न्यायालय म्हणजे नक्की काय, ते पाहू. लष्करी न्यायालये प्रत्येक देशात असतात आणि ती असायलाही हवीत. सैनिक पहारा सोडून पळाला, वरिष्ठाचा हुकूम मोडला, तर त्याचा निवाडा सैन्याची शिस्त जाणणाऱ्यांनी करावा, यात गैर काही नाही. थायलंडच्या लष्करी न्यायालयात साधारणपणे तीन न्यायाधीश बसतात. त्यांपैकी एकाला कायद्याचे शिक्षण असते. उरलेले दोघे लष्करी अधिकारी. त्यांना कायद्याची पदवी असण्याची अट नाही. हे न्यायालय न्यायखात्याखाली नसून संरक्षण मंत्रालयाखाली चालते. सरकारी वकीलही लष्कराचाच. पळालेल्या सैनिकासाठी ही रचना कदाचित चालेल. पण आरोपीचा गुन्हाच मुळी 'लष्कराने सत्ता घेणे मला मान्य नाही' हा असेल, तर? मग तक्रार करणारा लष्करी, पकडणारा लष्करी, आरोप ठेवणारा लष्करी आणि निवाडा देणाराही लष्करी. जो नियम मोडला म्हणून खटला चालला आहे, तो नियम लिहिणाराही तोच.

सॉफ्टवेअरमध्ये एक साधा नियम आहे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला, त्याच्या एकट्याच्या भरवशावर तो बरोबर आहे असे मानायचे नाही. दुसऱ्या कोणीतरी तो तपासला पाहिजे. लिहिणारा लबाड असतो म्हणून नव्हे. जे गृहीत धरून त्याने लिहिले, तेच गृहीत धरून तो तपासतो, म्हणून स्वतःची चूक त्याला दिसत नाही. 'सत्ता घेण्याचा आम्हांला अधिकार होता' हे त्या न्यायालयाचे गृहीत होते. आरोपीचा सगळा बचाव त्याच प्रश्नावर, आणि तोच प्रश्न तिथे विचारता येण्याजोगा नव्हता.

याहून मोठा दोष अपिलाचा. थायलंडच्या १९५५ च्या लष्करी न्यायालय कायद्यानुसार, लष्करी कायदा लागू असतानाच्या काळात घडलेल्या गुन्ह्याचा निकाल तिथे लागला तर त्यावर अपील नाही. एकच पायरी. २० मे २०१४ पासून १ एप्रिल २०१५ पर्यंत लष्करी कायदा लागू होता. त्या काळातल्या कृत्याबद्दल दोषी ठरलेल्या नागरिकाला वर दाद मागायला जागाच नव्हती. याचा अर्थ काय होतो, याचे एकच उदाहरण देतो. ७ ऑगस्ट २०१५ रोजी बँकॉकच्या लष्करी न्यायालयाने एका माणसाला फेसबुकवरच्या सहा मजकुरांमधून राजघराण्याचा अवमान केल्याबद्दल प्रत्येकी दहा, अशी साठ वर्षांची शिक्षा दिली. गुन्हा कबूल केला म्हणून ती निम्मी, तीस वर्षे केली. त्याच दिवशी चियांग माईच्या लष्करी न्यायालयाने एका बाईला सात मजकुरांसाठी छप्पन्न वर्षे दिली आणि निम्मी करून अठ्ठावीस ठेवली. हे आकडे छापताना चुकलेले नाहीत.

थायलंडने १९९६ साली नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिलेली आहे. त्याच्या चौदाव्या कलमात स्वतंत्र आणि निःपक्षपाती न्यायालयाचा, तसेच वरच्या न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क आहे. नव्या राजवटीने जुलै २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना रीतसर कळवले, की काही कलमांपासून आम्ही सवलत घेत आहोत. त्यांत अपिलाचा हक्क होता. म्हणजे आपण काय काढून घेतो आहोत, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. कागद अगदी व्यवस्थित होता.

२०१४ ते २०१६ या काळात अठराशेहून अधिक नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले भरले गेले. खटला संथपणे चालवणे हीही एक शिक्षाच होती. साक्षीदार आला तर थोडी साक्ष, नाही तर पुढची तारीख, आणि ती महिना-दीड महिन्यानंतरची. आरोपी जामिनावर असला तर वर्षानुवर्षे तोंड बंद ठेवून तारखा मोजतो. जामीन नसला तर तुरुंगात बसून मोजतो आणि शेवटी कंटाळून गुन्हा कबूल करतो.

आपल्या ओळखीचा प्रश्न

नागरिकाला लष्करी न्यायालयापुढे उभे करता येते का, हा प्रश्न आपण ज्या अमेरिकेत राहतो तिथेही उठून गेलेला आहे. यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, इंडियानातल्या लॅम्बडिन मिलिगन या वकिलाला लष्करी आयोगाने कटाच्या आरोपावरून फाशी सुनावली. तो काही शांततावादी नव्हता, आणि युद्ध तर खरेखुरे होते. तरीही १८६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की जिथे मुलकी न्यायालये उघडी आहेत आणि काम करत आहेत, तिथे नागरिकाचा खटला लष्कराला चालवता येणार नाही. पुढे पर्ल हार्बरनंतर हवाईत लष्करी कायदा लागला आणि मारामारी, अफरातफर असले साधे खटलेसुद्धा लष्करी न्यायालयांनी चालवले. तेही बेकायदा होते, असे कोर्टाने १९४६ मध्ये सांगितले. तोवर युद्ध संपले होते. म्हणजे इथेही चूक झाली आणि दुरुस्ती उशिरा झाली. पण चूक दाखवायला जागा होती आणि ती दाखवणारा लष्करी नव्हता.

मिलिगनच्या निकालातली कसोटी सोपी आहे: मुलकी न्यायालय उघडे आहे की नाही? २५ मे २०१४ रोजी बँकॉकची मुलकी न्यायालये उघडी होती. चोऱ्यांचे, घटस्फोटांचे, जमिनींचे खटले नेहमीप्रमाणे चालू होते. तीन बोटे वर करणाऱ्यासाठी मात्र त्यांचे दार बंद झाले होते.

आपल्या मराठी माणसांनाही हा अनुभव नवा नाही. १९५५ साली गोव्यात सत्याग्रहाला गेलेल्या नानासाहेब गोरे, मधू लिमये प्रभृतींना पोर्तुगीजांनी लष्करी न्यायाधिकरणापुढेच उभे केले होते. लिमयांना बारा वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी बचाव केला नाही. ज्या सत्तेचा अधिकारच मान्य नाही, तिच्या न्यायासनापुढे बचाव कसला करायचा? तेव्हाची लिस्बनची राजवटही १९२६ च्या एका लष्करी बंडातूनच पुढे आलेली होती. बंदुकीने आलेल्या सत्तेला निःशस्त्र माणसासाठी नेहमी हेच न्यायालय का लागते, हे यावरून लक्षात येईल. साध्या कोर्टात "तुमचा अधिकार कोणता?" हा प्रश्न कोणी विचारील, ही भीती.

कागदाला कागदाने उत्तर

साध्या कोर्टात काय होते, याचा नमुनाही सोम्बात यांच्याच बाबतीत पाहायला मिळाला. हजर न राहिल्याचा त्यांच्यावरचा खटला बँकॉकच्या दुसित भागातल्या मुलकी कोर्टात चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या कोर्टाने लष्करी मंडळाच्या घोषणेतली जड शिक्षा बाजूला ठेवली आणि दंडसंहितेतले सरकारी अधिकाऱ्याचा हुकूम न मानण्याचे किरकोळ कलम लावून ५०० बात दंड केला. म्हणजे पंधरा डॉलरच्या आसपास. पुढे वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली, पण कैद स्थगित ठेवली. माणूस तोच, राजवटही तीच. पण आपण लष्कराचे नोकर नाही, एवढे जाणणारा न्यायाधीश समोर बसला, तर दोन वर्षांच्या धमकीचे पाचशे बात होऊ शकतात.

दुसरी गोष्ट एका प्राध्यापकाची. वोरचेत पाकीरुत हे थम्मासात विद्यापीठात कायदा शिकवतात. डॉक्टरेट जर्मनीतल्या गॉटिंगेनची. बंडाने केलेले कायदे कोर्टांनी मान्य करू नयेत, असे ते पूर्वीपासून मांडत आले होते. थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकापासून उलटी भूमिका घेतलेली आहे: ज्याने सत्ता यशस्वीपणे घेतली तोच सार्वभौम, आणि त्याचा हुकूम हाच कायदा. चोरी पचली की मालकी सिद्ध झाली, असा हा न्याय. वोरचेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नितिरात' नावाचा गट काढून २०११ मध्ये सुचवले, की २००६ च्या बंडाचे कायदेशीर परिणाम पुसून टाकावेत. त्याबद्दल टीका झाली, धमक्या आल्या. २०१२ मध्ये विद्यापीठाच्या आवारात दोन भावांनी त्यांना मारहाणही केली.

२०१४ मध्ये त्यांनाही बोलावणे आले. जूनमध्ये परदेशातून परतताना विमानतळावर अटक झाली आणि कायद्याचा प्राध्यापक लष्करी न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहिला. खटला तिथे पाच वर्षे रेंगाळला. दरम्यान २०१६ च्या सप्टेंबरमध्ये राजवटीने नव्या गुन्ह्यांसाठी नागरिकांना लष्करी न्यायालयात नेणे थांबवले. मार्च २०१९ मध्ये निवडणूक झाली आणि त्या जुलैत उरलेले खटले मुलकी न्यायालयांकडे वर्ग झाले. वोरचेत यांचा खटला दुसितच्या कोर्टात आला आणि तिथून त्यांनी मूळ प्रश्न घटना न्यायालयाकडे नेला: हजर न होणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या या घोषणा घटनेला धरून आहेत काय? २ डिसेंबर २०२० रोजी घटना न्यायालयाने उत्तर दिले: नाहीत. कृत्याच्या मानाने शिक्षा अवाजवी आहे. २०२१ मध्ये वोरचेत निर्दोष सुटले.

म्हणजे चूक दुरुस्त झाली, असे म्हणायचे का? एका अर्थी झाली. पण हिशेब पाहा. बोलावणे मे २०१४ चे, उत्तर डिसेंबर २०२० चे. साडेसहा वर्षे. या मधल्या काळात ज्यांनी सह्या केल्या, ज्यांनी गुन्हा कबूल केला, जे देश सोडून गेले, त्यांची वर्षे कोण परत देणार? शिवाय बंड करणाऱ्यांना याची झळ लागली नाही. जुलै २०१४ च्या हंगामी राज्यघटनेत त्यांनी स्वतःला आधीच माफी देऊन ठेवली होती. २०१७ च्या राज्यघटनेच्या कलम २७९ ने त्यांच्या आदेशांना पुढेही संरक्षण दिले. जनरल प्रयुत २०२३ पर्यंत पंतप्रधान राहिले. राज्यघटना ज्यांनी रद्द केली त्यांच्यावर एकही खटला उभा राहिला नाही. ती रद्द करू नका असे म्हणणारे मात्र तारखांना जात राहिले.

तरीही ही सगळी धडपड फुकट गेली असे मी म्हणणार नाही. बंडानंतर दोनच दिवसांनी काही तरुण वकिलांनी एक गट स्थापून असे खटले मोफत लढवायला घेतले. त्यांनी प्रत्येक तारीख, प्रत्येक कलम लिहून ठेवले. आज आपल्याला हे आकडे ठाऊक आहेत, ते बरेचसे त्यांच्यामुळे. सोम्बात यांच्या तीन बोटांचे म्हणाल, तर २०२० मध्ये शाळकरी मुलांनीही ती वर केली आणि फेब्रुवारी २०२१ च्या बंडानंतर ती शेजारच्या म्यानमारमध्ये पोचली. तिथेही लष्करी कायदा आला आणि नागरिकांसाठी लष्करी न्यायाधिकरणे आली. तिथली कहाणी कितीतरी जास्त रक्ताची आहे.

पुन्हा शनिवारी

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. २०१४ च्या मे महिन्यात बँकॉकमध्ये बंडाचे स्वागत करणाऱ्यांत आपल्यासारखीच माणसे पुष्कळ होती. शिकलेली, चांगल्या नोकरीतली, रस्ते अडवणाऱ्यांना आणि पुढाऱ्यांच्या भांडणाला वैतागलेली. आता जरा शिस्त येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. शिस्त आलीही. ट्रॅफिक चालू झाला, दुकाने उघडली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी लष्कराचे बोलावणे कधीच आले नाही. यंत्रणेत नसलेली गोष्ट त्यांना जाणवली नाही, कारण त्यांना तिची गरज पडली नाही. अपिलाचा हक्क हा आगीच्या बंबासारखा असतो. आग लागेपर्यंत तो नाही हे कळत नाही, आणि लागल्यावर कळून उपयोग नसतो.

आपल्या न्यायालयांचे दोष मला माहीत आहेत. भारतातल्या दिवाणी दाव्याची तारीख ज्याच्या कुटुंबात आजोबांपासून नातवापर्यंत आली आहे, त्याला कोर्टाचे कौतुक सांगायला मी जाणार नाही. पण संथ न्यायालय आणि सरकारच्या खिशातले न्यायालय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या नावाने निदान उघडपणे बोटे मोडता येतात.

तेव्हा पुढच्या शनिवारी ते वाक्य आले, की मान डोलावण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारायचे मी ठरवले आहे. "ठीक आहे, दिला देश चार-पाच वर्षं लष्कराच्या हाती. त्यांनी चुकून तुझ्या मुलाला उचललं, तर तू कुठल्या कोर्टात जाशील?" उत्तर येईपर्यंत चहा गार होईल, पण हरकत नाही. चहा पुन्हा करता येतो.